अपडेट सकाळी नाही, शटर खाली केल्यावर: लिनक्सवर चालणाऱ्या दुकानासाठी

या आठवड्याच्या व्हिडिओत लिनक्सचं अपडेट अडकलं तर काय करायचं, ते मी स्क्रीनवर करून दाखवलंय. पण व्हिडिओ बघताना लिहून घ्यायला वेळ मिळत नाही, म्हणून तेच इथे सविस्तर देतोय. कमांडचं इंग्रजी स्पेलिंग व्हिडिओत मोठ्या अक्षरात आहे. इथे मी फोनवर विद्यार्थ्यांना सांगतो तसं उच्चाराने लिहिलंय. दोन्ही समोर ठेवा.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. कारण हा लेख त्या चुकीतूनच आलाय.

त्या दिवशी काय झालं

आमचं केळझर नागपूर-वर्धा रस्त्यावर, तालुका सेलू. टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे बाहेरची माणसं येतात, पण माझं दुकान चालतं ते आजूबाजूच्या शेतकऱ्यांवर आणि विद्यार्थ्यांवर. झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. दोन टेबलं आहेत. माझ्या टेबलावर जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स मिंट. सगळे स्कॅन आणि गिऱ्हाइकांच्या फाइली त्यातल्या एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये पडतात. दुसऱ्या टेबलावर माझा लहान भाऊ बसतो. तो तेच फोल्डर आपल्या कॉम्प्युटरवर उघडतो आणि प्रिंट काढतो.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. पीकविम्याची मुदत जवळ आली की सातबारा, आठ-अ, पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, सगळ्याला गर्दी होते हे तुम्हाला माहीत आहे. सकाळी सव्वादहाला कोपऱ्यात अपडेटची खूण दिसली. मी विचार केला, दोन मिनिटांचं काम आहे, करून टाकू. बटण दाबलं. अर्धं झालं आणि लाइन गेली. माझ्या मशीनला तेव्हा यूपीएस नव्हता.

लाइन आली, मशीन सुरू झालं, पण ब्राउझर उघडेना. परत अपडेट करायला गेलो तर इंग्रजीत लाल ओळी. मी त्या वाचल्या नाहीत. मोबाईलवर शोधलं, पहिल्या पानावर जे दिसलं ते टाइप केलं. मग निळ्या पडद्यावर एक प्रश्न आला: नवीन फाइल बसवायची की जुनी ठेवायची? मी म्हटलं, नवीन म्हणजे चांगलीच असणार. नवीन निवडली. अपडेट पूर्ण झालं, ब्राउझर उघडला, मला हायसं वाटलं. तेवढ्यात भाऊ ओरडला, "दादा, फोल्डर दिसत नाही."

समोर एक काका उभे होते, जवळच्या खेड्यातले. "किती टाइम लागन भाऊ? माही गाडी निघून जाईन." मी "पाच मिनिटं" म्हटलं. मग परत पाच मिनिटं. शेवटी त्यांना समोरच्या दुकानात पाठवलं, तिथे त्यांचं काम दहा मिनिटांत झालं. ते काका अजूनही तिकडेच जातात.

फाइल पेन ड्राइव्हवर टाकून भावाच्या टेबलावर न्यावी, ही साधी गोष्ट मला दुपारी दोन वाजता सुचली. म्हणजे बघा, मशीन बिघडलं की आधी आपलं डोकं बंद पडतं. त्या दिवशी गल्ल्यात ३४० रुपये होते, आणि तो वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसांपैकी एक होता.

मग अपडेट बंदच करून टाकू का?

माझ्या वर्गात हा प्रश्न दर वेळी येतो. उत्तर नाही असं आहे. का, ते दोन खऱ्या घटनांवरून सांगतो.

पहिली २०१७ ची. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीचा व्हायरस जगभर पसरला. त्याने फाइली कुलूपबंद केल्या आणि पैसे मागितले. तो विंडोजच्या ज्या त्रुटीतून शिरला, तिचं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने हातात होते. ज्यांनी अपडेट लावलं ते वाचले. आणि लिनक्सवाल्यांनी हसू नये. त्याच मे महिन्यात सांबा या सॉफ्टवेअरमध्येही गंभीर त्रुटी जाहीर झाली. लिनक्सचं फोल्डर विंडोजला दिसतं ते सांबामुळे, म्हणजे माझ्या दोन टेबलांमधला पूल तोच. आपल्या मशीनमध्ये लोकांचे आधार, पासबुकं, फोटो असतात. ते उघड्यावर ठेवायचा आपल्याला हक्क नाही.

दुसरी घटना उलटी आहे. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी कॉन्फिगरेशनची एक सदोष फाइल पाठवली. आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी. ७८ मिनिटांत त्यांनी ती मागे घेतली. पण तोपर्यंत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्ती होती ती एक फाइल काढून टाकायची. पण जे मशीन सुरूच होत नाही, त्याला नेटवरून दुरुस्ती पोहोचणार कशी? मोठ्या संख्येने मशीनांपाशी माणसाला स्वतः जाऊन बसावं लागलं.

या दोन घटना एकत्र ठेवा. अपडेट न करणं धोक्याचं, आणि सगळीकडे एकाच वेळी, परतीची वाट न ठेवता करणंही धोक्याचं. बीबीएला ऑपरेशन्सच्या पेपरात मी हे वेगळ्या शब्दांत लिहून मार्क मिळवले होते. दुकानात मात्र ३४० रुपयांच्या दिवशी कळलं.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुनं मशीन फेकण्यापेक्षा लिनक्स टाकू, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारताय. जरूर टाका. पण अपडेट सांभाळायला शिकून टाका. आणि आवृत्ती एलटीएस म्हणतात तीच घ्या. उबंटूच्या एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. दर नऊ महिन्यांनी दुकानाचा पाया बदलायचा नसतो.

अपडेट म्हणजे आत नेमकं काय होतं

डेबियन, उबंटू, मिंट, आपल्या सी-डॅकचं बॉस, हे सगळे एकाच कुटुंबातले. पद्धत एकच आहे.

"एपीटी अपडेट" ही कमांड काहीच बसवत नाही. ती फक्त यादी ताजी करते. होलसेलवाल्याकडून नवीन भावपत्रक आणल्यासारखं. "एपीटी अपग्रेड" माल आणते. माल आला की डीपीकेजी नावाचा आतला माणूस दोन कामं करतो. आधी खोके उघडतो, मग प्रत्येक वस्तू जागेवर लावतो. या लावण्याला कॉन्फिगर करणं म्हणतात. माझी लाइन गेली तेव्हा खोके उघडले होते, माल लावायचा राहिला होता. बिघाड एवढाच होता. मशीन खराब झालं नव्हतं, काम अर्धवट होतं.

हे समजलं की भीती अर्धी कमी होते.

संदेश वाचा, मगच हात लावा

लाल ओळी बऱ्याच येतात. त्यातली पहिली चूक शोधा. खालच्या ओळी बहुतेक तिच्यामुळेच आलेल्या असतात. फोनने फोटो काढून ठेवा. नेहमी दिसणारे संदेश हे:

"डीपीकेजी वॉज इंटरप्टेड." काम मध्येच तुटलं. उपाय त्याच ओळीत लिहिलेला असतो. टर्मिनलमध्ये टाइप करा: सुडो, स्पेस, डीपीकेजी, स्पेस, दोन डॅश आणि लगेच कॉन्फिगर, स्पेस, एक डॅश आणि ए. अर्धवट राहिलेला माल तो लावून टाकतो. त्यानंतरही तक्रार राहिली तर: सुडो, एपीटी, दोन डॅश फिक्स डॅश ब्रोकन, स्पेस, इन्स्टॉल. हा काही काढून टाकणार असेल तर आधी यादी दाखवतो. यादी वाचल्याशिवाय वाय दाबू नका.

"कुड नॉट गेट लॉक." दुसरं कोणीतरी आत काम करतंय. बहुतेक वेळा ते आपोआप चालणारं सुरक्षा अपडेट असतं. नेटवर तुम्हाला सल्ला मिळेल की लॉकची फाइल डिलीट करा. मीही त्या दिवशी तेच केलं होतं. करू नका. आत माणूस काम करत असताना बाहेरून दार तोडण्यासारखं आहे ते. दहा-पंधरा मिनिटं थांबा, चहा घ्या. तरी अडकलंच असेल तर मशीन नीट रीस्टार्ट करा, मग पहिली कमांड द्या.

"नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस." डिस्क भरली. डीएफ, स्पेस, डॅश एच दिलं की कुठे किती जागा आहे ते दिसतं. सुडो एपीटी क्लीन दिलं की उतरवून ठेवलेली जुनी पॅकेजं जातात. सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह दिलं की नको असलेले भाग आणि जुने कर्नल जातात. इथेही यादी वाचूनच हो म्हणा. आणि गिऱ्हाइकांचे वर्षापूर्वीचे स्कॅन ठेवायचे कशाला? कामापुरते ठेवा, मग काढा. जागाही वाचते, जबाबदारीही कमी होते.

"रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट." हा संदेश बघून लोक गोंधळतात. सर्व्हरमध्ये दोष नसतो, तुमच्या मशीनचं घड्याळ मागे गेलेलं असतं. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की लाइन गेल्यावर तारीख जुनी होते. त्याच कारणाने बँकेच्या आणि सरकारी साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" असं म्हणतात. नेट लागल्यावर वेळ बहुतेकदा आपोआप बरोबर होते. नाही झाली तर तारीख हाताने ठीक करा आणि सेल बदला. साधारण सीआर २०३२ नंबरचा सेल असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

"डज नॉट हॅव अ रिलीज फाइल." कधीतरी एखादं सॉफ्टवेअर टाकताना तुम्ही बाहेरची रिपॉझिटरी जोडली होती आणि ती आता तुमच्या आवृत्तीसाठी माल ठेवत नाही. किंवा तुमच्या आवृत्तीचीच मुदत संपली आहे. पहिल्या बाबतीत ती रिपॉझिटरी सेटिंगमधून बंद करा. दुसऱ्या बाबतीत नवीन आवृत्तीवर जायची तयारी करा, घाईत नाही.

नवीन फाइल की जुनी?

आता माझी खरी चूक. आपण एखादी कॉन्फिगरेशन फाइल हाताने बदललेली असते. अपडेटमध्ये तिची नवीन प्रत येते. मशीनला कळतं की ही फाइल मालकाने बदलली आहे, म्हणून ते स्वतः निर्णय घेत नाही, तुम्हाला विचारतं. कधी वाय किंवा एन विचारतं, कधी निळ्या पडद्यावर पर्याय देतं.

वाय, म्हणजे "पॅकेजवाल्याची आवृत्ती बसवा." एन, म्हणजे "माझी आहे ती ठेवा." डी, म्हणजे "दोन्हीतला फरक दाखवा." काहीच न लिहिता एंटर दाबलं तर साधारणपणे तुमची जुनी फाइल राहते. म्हणजे बनवणाऱ्यांनीच विचार केलाय की मालकाचं काम मोडू नये. मी मात्र मुद्दाम नवीन निवडली, आणि सांबाच्या फाइलमधलं माझं शेअर फोल्डर पुसलं गेलं.

तर नियम असा. गर्दीत प्रश्न आला तर आपली फाइल ठेवा. मग निवांत फरक बघा आणि नवीन फाइलमधलं कामाचं तेवढं आपल्या फाइलमध्ये आणा. "आपली ठेवा" हे कायमचं उत्तर समजू नका. कधी कधी नवीन फाइलमध्ये सुरक्षेची गोष्ट असते.

चुकून नवीन निवडली तरी रडू नका. जुनी प्रत बहुतेकदा त्याच फोल्डरमध्ये असते, नावाच्या शेवटी डीपीकेजी-ओल्ड किंवा यूसीएफ-ओल्ड लागलेलं. मला ती संध्याकाळी सापडली. परत जागेवर ठेवली, टेस्टपार्म ही कमांड देऊन सांबाच्या फाइलमध्ये चूक नाही ना ते तपासलं, मग सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी दिलं. फोल्डर दिसायला लागलं. सकाळी हे माहीत असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. काकांना मी खोटं बोललो नव्हतो, फक्त मला ते पाच मिनिटांत येत नव्हतं.

काय बदललं होतं हे आठवत नसेल, तर व्हर फोल्डरच्या लॉगमध्ये एपीटीची हिस्टरी नावाची फाइल असते. कोणत्या तारखेला, किती वाजता, काय बसलं, ते सगळं त्यात मिळतं. गिऱ्हाईक "परवापासून चालत नाही" म्हणालं की मी आधी तीच फाइल उघडतो.

मशीन सुरूच झालं नाही तर

नवीन कर्नल आल्यावर क्वचित असं होतं. सुरू होताना शिफ्ट धरून ठेवा, नवीन मशीन असेल तर एस्केप दाबा. मेनूत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" दिसेल, त्यातून आधीचा कर्नल निवडा. बहुतेकदा मशीन उठतं आणि दुकान सुरू होतं. कारण नंतर शोधा.

तेही नाही झालं तर टाइमशिफ्ट. हे मिंटमध्ये आधीच असतं. अपडेटच्या आधी याने सिस्टिमचा एक फोटो काढून ठेवायचा. तो शक्यतो वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. एक मिंटचा बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवून गल्ल्यात ठेवा. मशीन मेलं तरी पेन ड्राइव्हवरून सुरू करून फोटो परत लावता येतो. १९ जुलैचा धडा हाच आहे: परतीची वाट मशीनच्या बाहेर हवी. एक लक्षात घ्या, टाइमशिफ्ट सिस्टिम वाचवतं. तुमचं होम फोल्डर ते साधारणपणे घेत नाही. बिलं, फोटो, हिशोब यांचा बॅकअप वेगळा घ्या.

माझ्या दुकानाचा आताचा नियम

अपडेट आठवड्यातून एकदा, रात्री, गल्ला मोजून झाल्यावर. दुसऱ्या दिवशी मुदतीचं काम असेल तर त्या रात्री नाही, एक दिवस पुढे. पण महिना-महिना पुढे ढकलायचं नाही.

आधी टाइमशिफ्ट, मग यूपीएसचा दिवा बघायचा, मग अपडेट.

दोन्ही मशीन एकाच रात्री कधीच नाही. एकाचं आज, दोन दिवस नीट चाललं तर दुसऱ्याचं. क्राउडस्ट्राइकनेही त्या घटनेनंतर टप्प्याटप्प्याने पाठवायचं जाहीर केलं. आपल्याकडे मशीन दोनच आहेत, आपल्याला तर सोपं आहे.

कोणतीही कॉन्फिगरेशन फाइल बदलण्याआधी तिची प्रत, नावात तारीख घालून.

अपडेट झालं की शटर खाली असतानाच एक स्कॅन, एक प्रिंट, भावाच्या टेबलावरून एक फाइल उघडणं आणि एका सरकारी साइटवर लॉगिन. चारही चाललं तरच दिवा बंद.

आणि वही. उधारीच्या वहीशेजारी एक शंभर पानी वही ठेवली आहे. तारीख, काय अपडेट केलं, काय बदललं, काय अडलं. भाऊ एकटा दुकानात असला तरी त्याला वाचून कळतं. हे सगळं माझ्या डोक्यात राहिलं, तर मी आजारी पडलो की दुकानही आजारी पडणार.

शेवटचं एक काम तंत्रज्ञानाचं नाही. समोरच्या दुकानदाराशी मी बोलून ठेवलंय. माझं बंद पडलं तर गिऱ्हाईक त्याच्याकडे, त्याचं बंद पडलं तर माझ्याकडे. मुदतीच्या दिवशी शेतकरी आपल्या मशीनमुळे परत जाऊ नये. धंदा दोघांचाही आहे, पण मुदत त्याची एकट्याची आहे.

आज रात्री एवढंच करा: डीएफ डॅश एच देऊन जागा बघा, टाइमशिफ्टचा पहिला फोटो काढा, आणि वहीचं पहिलं पान लिहा. अपडेट उद्या रात्री. भेटू पुढच्या व्हिडिओत.